साडेसहा आठवड्यांचं वर्ष

१६ जुलै, मंगळवार

वीस जानेवारीनंतर थेट आज. वहीची माफी मागायची तर कारण तरी खरं सांगावं. वेळ मिळाला नाही, असं काही नाही. त्या दिवशी मी या वहीतलं एक पान फाडलं. त्याची कड अजून शिवणीत अडकलेली आहे. वही उघडली की आधी तीच दिसते, म्हणून उघडायचं टाळत राहिले.

पान का फाडलं, तेही लिहून टाकते. आमच्या प्रयोगशाळेत वस्तू म्हाताऱ्या करतात. टाके घालायचा दोरा ज्या निर्जंतुक पाकिटात येतो, ते पाकीट पाच वर्षं घट्ट राहील का, हे बघायला पाच वर्षं कोण थांबणार? म्हणून पाकिटं पंचावन्न अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची. दर दहा अंशांमागे वस्तू दुप्पट वेगाने जुनी होते असं आम्ही धरतो. पंचवीसचे पंचावन्न केले की वेग आठपट. म्हणजे साडेसहा आठवड्यांचं एक वर्ष. आठवड्यांची वर्षं करायची आणि खाली सही करायची, हे माझं काम. अकरा वर्षं करते आहे, आणि ही अकरा खरी वर्षं आहेत.

जानेवारीत एके दिवशी मनात आलं की आपण इतकी वर्षं रोज लिहितो, पण ही शाई वीस वर्षं तरी टिकेल का? उत्तर हाताशी होतं. एका पानावर चार ओळी लिहिल्या, पान घडी न घालता मावेल असा माझ्या वडिलांचा, अप्पांचा, चपटा बिस्किटाचा डबा घेतला आणि ओव्हनच्या खालच्या शेल्फवर उभा करून ठेवला. मागच्या जाळीला टेकवून, म्हणजे पाकिटांच्या मध्ये यायला नको. एकशे तीस आठवड्यांनी काढायचा. खाजगी वस्तू आत ठेवायची परवानगी नाही. पण लेबल लावलं होतं. बिनलेबलाची वस्तू मी कशी ठेवीन?

आजची गोष्ट वेगळीच आहे. पंधरा जानेवारीला आत गेलेल्या पाकिटांना काल सव्वीस आठवडे झाले, म्हणजे त्यांची चार वर्षं. आज दोन्ही शेल्फांवरची तीस-तीस पाकिटं काढून, सीलमधून निळा रंग आत शिरतो का, ही चाचणी केली. वरच्या शेल्फवरच्यांची सीलं चार वर्षांत थकावीत तशी थकलेली होती, आणि दोन पाकिटांत रंग शिरला. खालची मात्र कालच कारखान्यातून आल्यासारखी. एकातही थेंब नाही.

सहकाऱ्यांना खालचा निकाल बघून आनंद झाला. मला झाला नाही. एकाच ओव्हनमध्ये, तितकेच आठवडे राहून निम्मी म्हातारी झाली आणि निम्मी तरणीच राहिली. खालच्यांना उष्णता मिळाली नसावी. आणि मे अखेरीस तीन वर्षांचा दाखला दिला तो खालच्या शेल्फवरच्या पाकिटांवर, तेव्हा तेवढीच काढली होती. सही माझी आहे. त्या सहीवर ‘तीन वर्षांत वापरा’ असा शिक्का बसून जूनमध्ये अकरा हजार पाकिटं दवाखान्यांत गेली.

१७ जुलै

साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, हीच त्यांची भीती. टेबलावर तापमानाचं रजिस्टर उघडं होतं आणि समोर पंचावन्न उभे होते.

पंचावन्न हे आमच्या टेक्निशियनचं टोपणनाव. दिवसातून तीनदा ओव्हनचा आकडा वहीत लिहायचं काम त्यांचं. ‘काय म्हणता, कसं काय?’ असं कुणी विचारलं तरी ‘पंचावन्न पॉइंट शून्य’ म्हणतात. वय विचारलं तरी तेच. ते मात्र तीन वर्षांपूर्वीच होऊन गेलं.

“एकशे ब्याऐंशी दिवस,” साहेब म्हणाले. “दिवसातून तीनदा. मॅडम, यातला एक आकडा वेगळा असेल तर मला दाखवा.”

सगळीकडे ५५.०. नीटस, उजवीकडे कललेलं अक्षर.

“ओव्हन बरा असला की आकडा तोच येतो, साहेब,” पंचावन्न म्हणाले.

“कधी न बघता लिहिलात?”

मला वाटलं, ते नाही म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

“दोनदा. मार्चमधल्या दोन रविवारी नातीला ताप होता. सोमवारी येऊन भरलं.”

साहेबांनी पेन उचलून ते लिहून घेतलं. उद्या ओव्हन बनवणाऱ्यांचा माणूस तपासायला येणार आहे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी डबा काढून घरी आणला. इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं, नाहीतर ही वही कशाला? बाहेरचा माणूस ओव्हन उघडणार, त्यात माझा बिस्किटाचा डबा दिसणार, मग हसणं आणि खुलासे. मूळ प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही, उगाच फाटे फुटले असते. तपासणीआधी आपल्याकडून एकही नियमबाह्य वस्तू आत नसावी, हे बरोबरच आहे. आहे ना?

डबा उघडला नाही. वीस वर्षं झालेली नाहीत.

अप्पांनी पिशवीतून डोकावणारा डबा ओळखला. “अगं, हा तुझ्याकडे होता होय? मी माळा पालथा घातला.” बेकरी विकली तेव्हा अप्पांनी एवढी एकच वस्तू ठेवून घेतली होती. मी म्हटलं, “अजून लागणार आहे, उघडू नका.” ते म्हणाले, “उघडून काय करू? सहा महिन्यांत बिस्किटं काय उरली असतील त्यात.”

२० जुलै, शनिवार

तपासणारा माणूस गुरुवारी आला, वर आणि खाली एकेक लॉगर ठेवून गेला. काडेपेटीएवढं यंत्र, दर मिनिटाला तापमान नोंदवतं. आज निकाल हातात आला. वर ५५.१. खाली ५४.९. जाळी स्वच्छ, पंखा चालू, दार घट्ट. ‘यंत्रात दोष नाही’ असं लिहून, चहा पिऊन तो गेला.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे नोंदवते. आणि पाठोपाठ लाज वाटली, कारण ओव्हन निर्दोष म्हणजे माणूस दोषी.

साहेबांचा तर्क सरळ आहे. आज ओव्हन ठीक चालतो. मधल्या काळात कधीतरी तो बिघडला असणार, खालचं शेल्फ थंड राहिलं असणार, आणि रोज तिथे उभ्या असणाऱ्या माणसाने न बघताच ५५.० लिहिलं असणार. दोनदा केल्याचं तो स्वतःच सांगतो. मग दोनशेदा का नाही?

पंचावन्नांना घरी बसायला सांगितलं. सोमवारी, एकोणतीसला, अंतिम अहवाल वर जाईल. त्यावर चाचणी अधिकारी म्हणून माझी सही लागेल. वाक्य साहेबांनी तयार ठेवलं आहे: ‘यंत्र निर्दोष, नोंदी विश्वासार्ह नाहीत.’ ती सही झाली की पंचावन्नांची नोकरी गेली. आणि या कामात अशा शेऱ्यानंतर दुसरीकडे कुणी उभं करत नाही.

ते लॉकर रिकामा करत होते तेव्हा मी दाराशी गेले. एक डबा जेवणाचा, एक चष्मा, एक जुना थर्मामीटर.

“ताई, तुम्ही आहात ना अहवालावर?”

“आहे.”

“मग झालं तर. खालच्या शेल्फचं तुम्ही सांगालच.”

“सांगितलं आहे,” मी म्हणाले. खालच्या शेल्फची पाकिटं नव्यासारखी निघाली, हे पहिल्या दिवशी मीच तर सांगितलं होतं. ते मान हलवून गेले.

२१ जुलै, रविवार

अप्पांना सगळं सांगितलं. डबा सोडून. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभं राहिलेल्या माणसाला आमच्या ओव्हनचं काय कौतुक असणार?

“म्हणजे तुझा तो गडी खोटं लिहीत होता?”

“तसं दिसतंय.”

“दिसतंय म्हणजे? तो पाव भाजत होता की आकडे भाजत होता?” स्वतःच्या विनोदावर ते हसले. मग म्हणाले, “आमच्याकडे खालचा पत्रा कच्चा निघाला की मी कुणाला शिव्या घालायच्या आधी हात घालून मागचा कोपरा चाचपायचो. कुणीतरी फडकं ठेवलेलं असायचं, नाहीतर रिकामा पत्रा उभा करून ठेवलेला. वारा अडला की संपलं. वरचा करपतो, खालचा रडतो.”

“अप्पा, इथे पंखा असतो. तपासलाय तो.”

“कधी तपासला? पाव निघाल्यावर?”

मी थोडी वैतागले. आपला विषय नसताना प्रत्येकाला मत असतं. अप्पांना औषधाची गोळी दिली आणि झोपा म्हटलं, तर म्हणतात, “मलाही टाक तुझ्या पेटीत. साडेसहा आठवडे पडून राहतो, एक वर्षाची गोळी वाचेल.”

२३ जुलै

कामात लक्ष नाही. रजिस्टरची पानं तिसऱ्यांदा तपासली. ज्या दोन रविवारी पंचावन्न आले नाहीत, त्याही दिवशी यंत्राच्या स्मृतीत ५५.० च होतं. यंत्र स्वतःचं तापमान वरच्या शेल्फजवळ बसवलेल्या मोजणीच्या सुईवरून मोजतं. म्हणजे त्यांनी न बघता लिहिलेलंही खरंच होतं. हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, वरचं कोण विचारतंय? खालचं का नाही बघितलं?”

खालचं बघायला खाली तशी सुईच नाही. हे मी बोलले नाही. का नाही बोलले?

२५ जुलै, गुरुवार

पंचावन्नांच्या घरी गेले. जिना चढताना स्वतःला विचारत होते की आपण धीर द्यायला चाललोय की माफी मिळवायला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नात जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. खिडकीला त्यांनी तो जुना थर्मामीटर टांगला होता.

“इथे एकोणतीस,” ते म्हणाले. “सवय जात नाही.”

त्यांच्या बायकोने चहा दिला. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. कप ठेवतानाचा आवाज पुरेसा होता.

मी अहवालातलं वाक्य सांगितलं. म्हटलं, तुम्ही ते दोन रविवार कबूल करायला नको होते.

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं. विचारलं नसतं तर सांगितलं नसतं, तेही खरंय.” मग कपाकडे बघत म्हणाले, “डब्याचं काय म्हणाले साहेब?”

“कुठल्या डब्याचं?” मी विचारलं. कुठल्या डब्याचं ते मला माहीत होतं.

“जाळीवरचा. बिस्किटाचा. खालच्या शेल्फला वारा तिथूनच येतो ना, तो पुरा झाकला जायचा. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम लावलाय, खालचं शेल्फ कमी तापवून बघायला. तुमच्या त्या वेगवेगळ्या चाचण्या असतात तसं.”

“मग मला विचारलं का नाही?”

“लेबल होतं, ताई. तुमचं अक्षर, तारीख, वेळ, सगळं. लेबल असलेल्या वस्तूला मी हात लावत नाही, आणि ती का आहे हेही विचारत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“साहेबांना सांगायचं होतंत.”

“ते तुमचं सांगणं. माझं कसं असेल? मी म्हटलं, ताई अहवालावर आहेत, त्या सांगतील.”

नातीने चित्र दाखवायला आणलं. काय होतं त्यावर, आता आठवत नाही. छान आहे म्हटलं आणि उठले. दाराशी त्यांच्या बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं: “सांभाळून उतरा, दिवा नाहीये जिन्यात.”

जुन्या ओव्हनमध्ये वारा वरून यायचा. दहा वर्षं मी त्याच्यावर काम केलं. नवा गेल्या वर्षी आला, त्याचं पुस्तक मी वाचलं, चाचणीचं पान पाठ केलं, आणि मागच्या जाळीला भिंत समजले. पाकिटांच्या मध्ये यायला नको म्हणून नेमका तिथे डबा टेकवला.

आणि तो काढला मीच, तपासणीच्या आदल्या संध्याकाळी. सतरा तारखेचं लिहिलेलं वर वाचलं. ‘मूळ प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही.’ किती ठाम वाक्य आहे.

२६ जुलै

धूळ.

सबंध दिवस हा शब्द डोक्यात आहे. जाळीवर धूळ साठली होती, ती मी सतराला पुसली, असं लिहिलं तर? ओव्हन का थंड होता ते कळेल, तपासणीत तो ठीक का निघाला तेही कळेल. पंचावन्न सुटतील. पाकिटांवरची तारीख बदलता येईल. सगळ्यांचं भलं. धूळ कुणाचीच नसते.

कच्चा मसुदा लिहूनही झाला. फार चांगला उतरला, हे सांगायला लाज वाटते. तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा पटला.

पण माझं अनुमान तरी खरं आहे का? डब्यानेच हे झालं, हे अजून मोजलेलं नाही. न मोजता लिहिल्याचा आरोप तर त्यांच्यावर आहे.

२७ जुलै, शनिवार

चौथा शनिवार, तरी सुट्टीच्या दिवशी गेले. पहारेकऱ्याच्या वहीत नाव आणि वेळ लिहिली. डबा पुन्हा जाळीला टेकवला, जसा होता तसा, लेबल बाहेरच्या बाजूला. खालच्या शेल्फच्या मध्यावर लॉगर. आतल्या उरलेल्या पाकिटांनाही आज थंडी लागेल, पण तो लॉट तसाही बाद आहे. सकाळी अकरा दहाला दार लावलं. बाहेरच्या पडद्यावर आकडा आला, ५५.०. पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभी राहिले. हाच आकडा त्यांना दिवसातून तीनदा दिसत होता आणि त्यांनी तोच लिहिला.

घरी अप्पांनी विचारलं, “डबा परत नेलास?”

“हो.”

“मागच्या कोपऱ्यात?”

मी चपला काढेपर्यंत वर्तमानपत्र उलटवत ते म्हणाले, “एकदा मी एका पोऱ्याला काढून टाकला होता, कच्च्या पावापायी. फडकं माझंच निघालं. तोवर तो गाव सोडून गेला होता.” ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती.

२८ जुलै, रविवार

४५.०.

सकाळी जाऊन लॉगर आणि डबा काढून आणले. खालच्या शेल्फचं तापमान पहिल्या दोन तासांत खाली आलं, आणि नंतर रात्रभर तिथेच. रेषा पट्टीने आखल्यासारखी.

दहा अंश कमी, म्हणजे वेग निम्मा. आठपटीऐवजी चौपट. मे अखेरीस झालेले साडेएकोणीस आठवडे गुणिले चार, अठ्ठ्याहत्तर आठवडे. मी ज्याला तीन वर्षं म्हणून सही केली, ती दीड वर्षं होती. पाकिटं जूनमध्ये गेली. दीड वर्ष म्हणजे पुढच्या वर्षीचा डिसेंबर. तोवर एकालाही काही होणार नाही, आणि त्यानंतरचं कुणालाच माहीत नाही. सांगितलं तर शिक्के बदलायला भरपूर वेळ आहे. धूळ म्हणूनही ते बदलतील, हे मी आज दुपारीसुद्धा स्वतःला सांगून बघितलं.

मग डबा उघडला. गरम वाऱ्याच्या तोंडाशी तो साडेपंचवीस आठवडे उभा होता. पाकिटांच्या वाटची उष्णता माझ्या पानाने घेतली. गुणिले आठ, म्हणजे चार वर्षांना जेमतेम चार आठवडे कमी.

कागद कडेने किंचित पिवळा झाला आहे. शाईला काही झालेलं नाही. काय लिहिलं होतं ते मी खरंच विसरले होते:

‘२० जानेवारी, सकाळी ११.१०. खालचं शेल्फ, मागची भिंत. सोबत कुणी नाही. ही शाई वीस वर्षांनी वाचता यावी. पुढचं वाक्य चाचणीसाठी: मी आजवर कामात काहीही लपवलेलं नाही.’

वाक्य लिहिताना खरं होतं. त्याच्या वरच्या ‘खालचं शेल्फ, मागची भिंत’ या चार शब्दांनी ते तिथल्या तिथे खोटं केलं, आणि लिहिणारीच्या लक्षात आलं नाही.

पान वहीतल्या फाटलेल्या कडेला लावून बघितलं. दाताला दात बसतो. माझं नाही असं म्हणायची सोय नाही. धुळीचा मसुदा फाडला. दुसरा लिहिला, दहा ओळींचा. त्यात डबा पहिल्या ओळीत आहे, सतरा तारखेची संध्याकाळ दुसरीत, आणि दोन रविवारच्या नोंदी खऱ्या होत्या हे तिसरीत. पुढची माझी नोकरी कुठल्याच ओळीत नाही. तिचं रूपांतर कसं करायचं, ते साहेब ठरवतील.

अप्पा जागेच आहेत. म्हणाले, “डबा दे आता. का अजून लागतोय?”

“उद्याच्या दिवस लागतोय.”

“बरं. झाकण जपून उघड म्हणावं, बिजागरी नाजूक आहे.”

साहेब साडेनवाला येतात. नऊला जाऊन टेबलावर डबा आणि कागद ठेवून आपल्या खोलीत येऊन बसता येईल, असा विचार आत्ता, हे लिहिताना मनात आला. म्हणून खालचं काम नीट लिहून ठेवते.

उद्या: डबा साहेबांच्या हातात देणे. टेबलावर ठेवून येणे नाही.